आधी क्षयाच्या गोळ्या, मग निदान?



फुप्फुसांच्या सारकॉइडोसिस या दाहक आजाराविषयी लिहिताना एका पत्रलेखकाने ‘आपल्याकडे क्षय इतका, की आधी त्याचेच उपचार सुरू करावेत’ असे सुचवले आहे. भीती रास्त, उपाय चुकीचा. दोन्ही आजारांत छातीतल्या लसिकाग्रंथी सुजतात, दोन्हींत ग्रॅन्युलोमा (पेशींच्या सूक्ष्म गाठी) सापडतात; नुसत्या एक्स-रेवरून फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही जड जाते. पण एंडोब्राँकियल अल्ट्रासाउंडच्या मदतीने सुईने ग्रंथीचा नमुना काढता येतो, त्याची क्षयजंतू शोधणारी सीबीनॅट आणि कल्चर तपासणी होते. सारकॉइडोसिसमध्ये क्षयसंसर्गाची माँटू त्वचाचाचणी बहुधा निगेटिव्ह येते, आणि क्षयाचा जंतुसंसर्ग सर्रास असलेल्या देशात हा पुरावा उलट अधिक बोलका ठरतो. (सारकॉइडोसिसमध्ये वाढू शकणाऱ्या, रक्तातल्या एसीई या एन्झाइमच्या आकड्यावर मात्र विसंबू नये.) सारकॉइडोसिसवर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने दडलेला क्षय भडकेल, हा आक्षेप खरा, म्हणूनच तर आधी नमुना हवा. शिवाय घाई कशाला? लक्षणे नसलेल्या अनेकांचा सारकॉइडोसिस औषधाविना ओसरतो. ज्यांना स्टेरॉइड लागतेच, त्यांच्यासाठी चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत प्रेडनिसोलोनच्या २० आणि ४० मिलिग्रॅम मात्रांची तुलना झाली; आजार उलटण्याच्या बाबतीत मोठ्या मात्रेचा फायदा दिसला नाही. क्षयाच्या गोळ्या ‘देऊन तर बघू’ म्हणून महिनोन्‌महिने चालवणे मात्र यकृताला महागात पडू शकते.

– एक वाचक