हरलेल्या डावाची वही

शाळेच्या फलकावर विजेत्यांची नावे लागतात आणि ती लागलीच पाहिजेत. परंतु बुद्धिबळापुरते बोलायचे तर, जिंकलेल्या चषकापेक्षा हरलेल्या डावाची लेखी नोंद विद्यार्थ्याला अधिक काळ उपयोगी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याला एक जुना दाखला आहे. १८५५ साली कलकत्त्यात दोन हौशी खेळाडू पटावर समोरासमोर बसले. एक जॉन कॉक्रेन, तेथे वकिली करणारे स्कॉटिश बॅरिस्टर. दुसरे महेशचंद्र बॅनर्जी, देशी पद्धतीच्या बुद्धिबळात मुरलेले बंगाली गृहस्थ. काळी मोहरी घेतलेल्या महेशचंद्रांनी आधी घोडा काढला, मग राजाच्या बाजूच्या घोड्याचे प्यादे एक घर सरकवले आणि तिसऱ्या चालीला वजिराचे प्यादे दोन घरे पुढे केले. मध्यपट प्रतिस्पर्ध्याला व्यापू द्यायचा आणि उंटाने दुरून त्यावर मारा करायचा, असा हा बचाव.

डाव महेशचंद्र हरले. तथापि चाली लिहिल्या गेल्या, म्हणून उरल्या. पुढे १९२२ मध्ये ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हाच बचाव वापरून व्हिएन्नात अलेखाइनसारख्या मातब्बराला हरवले आणि बचावाला त्यांचेच नाव मिळाले. १८५५ ची नोंद नसती, तर तो आधी एका बंगाली खेळाडूने योजला होता, हे जगाला कळलेच नसते.

येथे एक गोष्ट मनाला लागते. महेशचंद्र आपल्याला माहीत आहेत ते मुख्यतः कॉक्रेन यांच्यामुळे जतन झालेल्या डावांतून. अक्षरओळख असलेल्या समाजातील माणसाची ही गत, तर ज्यांच्या पिढ्यांच्या हाती पाटी-पेन्सिलच येऊ दिली नाही, त्यांच्या किती बुद्धिमान चाली विरून गेल्या असतील?

म्हणून आम्ही सुचवतो की, वसतिगृहातील प्रत्येक पटाशेजारी एक वही असावी. मोठ्या स्पर्धांत खेळाडू स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या चाली लिहितात आणि डाव संपल्यावर दोघेही नोंदीवर सही करतात. तीच शिस्त येथेही रुजावी. हरलेल्या मुलाने जिंकलेल्यासोबत बसून आपली चूक नेमकी कोणत्या चालीला झाली, ते शोधावे. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘जिंकलास का?’ विचारण्याआधी ‘वही दाखव’ म्हणावे. आपल्या मुलांचे डाव आपल्याच मुलांच्या हस्ताक्षरात राहोत.