मजुराचा चेहरा चव्हाट्यावर

परक्यांची खासगी छायाचित्रे इंटरनेटवर चाळीत बसणे हा रिकामटेकड्यांचा छंद मानला जातो. परंतु शासनानेच गरिबांचे चेहरे जगापुढे मांडले तर? केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने मे 2021 मध्ये मनरेगाच्या हजेरीसाठी मोबाइल ॲप आणले व 1 जानेवारी 2023 पासून सर्व सार्वजनिक कामांवर ते सक्तीचे केले. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून, वेळ व ठिकाणासह, तो संकेतस्थळावर चढवायचा. महाराष्ट्र, जळगाव, भडगाव, ग्रामपंचायत अशा पायऱ्या उतरत कोणाही अनोळखी माणसाला गिरणाकाठच्या मजूर स्त्रीचे नाव, जॉबकार्डाचा क्रमांक आणि चेहरा पाहण्याची सोय झाली. स्त्रियांच्या छायाचित्रांचा धाक घालून काय काय करता येते, हे याच जिल्ह्याने 1994 च्या वासनाकांडात पाहिले आहे.

यास पारदर्शकता म्हणतात म्हणे! हजेरीपट उघडा करा, ही मागणी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने केली, ती मजुरांच्या वतीने. जनसुनवाईत हजेरीपट वाचला जाई आणि बोगस नाव तत्काळ पकडले जाई. कारण कामावर कोण होते हे गाव जाणत असे. तेथे मजूर सत्तेचा हिशेब तपासत होता. येथे सत्ता मजुराला न्याहाळते, आणि तिच्यासोबत सारे जग. बरे, चोरी तरी थांबली काय? असंबद्ध फोटो, फोटोचाच फोटो, एकच माणसे अनेक हजेरीपटांवर, हे गैरप्रकार जुलै 2025 मध्ये खुद्द मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले.

मजुरांची संमती होती, असे सांगितले जाईल. फोटो चढला नाही तर मजुरी बुडते. अशा ठिकाणी संमती हा शब्द उच्चारणे हीच क्रूर थट्टा होय. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो काय केवळ बंगल्यात राहणाऱ्यांसाठी? महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने काम हा हक्क मानला, तेव्हा त्यासाठी चेहरा गहाण टाकण्याची अट नव्हती.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याची अंमलबजावणी करताना नावे, दिवस आणि मजुरीचा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, पंचायतीच्या भिंतीवर लिहिला जावा. आजवर साठविलेली मजुरांची छायाचित्रे मात्र संकेतस्थळावरून उतरवून नष्ट केली पाहिजेत, आणि ती केल्याचे शासनाने गावोगावच्या ग्रामसभांना लेखी कळविले पाहिजे.