गोळ्यांच्या वेळा लिहिता, कुशीच्या का नाही?

आजीला लकवा झाला. डिस्चार्ज कार्डावर सगळ्या गोळ्यांच्या वेळा होत्या, कूस बदलण्याची एकही नव्हती. महिन्याभरात माकडहाडावर जखम झाली, तर डॉक्टर आईवरच खेकसले, ‘सेवा नीट केली नाहीत.’

सेवा? अहो, हे नर्सिंग आहे, ते शिकवावं लागतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचं. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी. आणि आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून गरम किंवा टणक लागतंय का ते बघायचं.

शिकवायला अर्धा तास पुरेल. पण नर्सच्या अंगावर अख्खा वॉर्ड टाकल्यावर तो येणार कुठून?

आणि ‘सुनेचं पुण्य’ फॉरवर्ड करणाऱ्या काकांनो, रात्री तीनची कूस आज तुम्ही बदला.