चोलांचे खांब आणि घडविणारे हात

पंचतारांकित हॉटेलांच्या दर्शनी दालनांत देवळे अवतरू लागली आहेत. गोपुराच्या घाटाचे प्रवेशद्वार, कोरीव दगडी खांब, तेवत्या समया, नटराजाची कांस्यमूर्ती असा थाट पाहून पाहुणा भारावून जातो. २०१२ साली चेन्नईत उघडलेल्या, ६०० खोल्यांच्या ‘आयटीसी ग्रँड चोला’ने तर नाव व रूप दोन्ही चोलांकडूनच घेतले. परंपरा ही कोणा एका वर्गाची मिरास नव्हे; कला देवळाबाहेर आली याचे दुःख करण्याचे कारण नाही. सवाल निराळाच आहे. या परंपरेतून काय उचलले जाते आणि काय वगळले जाते?

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहा. राजराज चोलाने बांधविलेले हे मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवर राजाच्या, त्याच्या थोरल्या बहिणीच्या व राण्यांच्या देणग्या कोरल्या आहेत. पण तेवढ्याच नव्हेत. मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावे, त्यांची घरे व त्यांच्या वाट्याचे भात तेथे नमूद आहे. वादक, शिंपी, सुतार यांचे वाटेही लिहिलेले आहेत. स्थपती कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन याचे नावही दगडावर टिकून आहे.

म्हणून ते सुवर्णयुग होते असे कोणी समजू नये. ते भात कावेरीच्या खोऱ्यातील रयतेच्या घामातून आले होते. दलितांना मदुराईच्या मीनाक्षी मंदिराचा उंबरठा ओलांडता आला तो १९३९ साली. त्यावेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, मजुरीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, जाळून मारली गेली. हा इतिहासही त्या खांबांइतकाच खरा आहे. पण त्याची सजावट होत नाही.

स्वामिमलईचा स्थपती आजही मेण व राळ यांची मूर्ती घडवितो, तिच्यावर कावेरीची गाळमाती लिंपतो, मेण वितळवून काढतो आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततो. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकदाच जन्मते. अशी मूर्ती हॉटेलात उभी राहिली की सजावटकाराचे नाव झळकते. घडविणारा मात्र ‘पारंपरिक कारागीर’ या दोन शब्दांत विरून जातो. आणि रात्री त्याच मूर्तीभोवतीची फरशी पुसणारी बाई? ती पुष्कळदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते. बारमाही कामातील कंत्राटी पद्धतीला बंदी घालण्याचा अधिकार १९७० च्या कायद्याने सरकारला दिला होता. तरीही सफाई आणि पहाऱ्याच्या कामांत कंत्राटदारी फोफावतच गेली.

सरंजामी राजाने निदान कोणाला किती भात, याचा हिशेब उघड्या भिंतीवर लिहविला. आजचा भांडवलदार त्या भिंतीची नक्कल करतो आणि नेमका तो हिशेब गाळतो!

परंपरेचा अभिमान मिरवायचाच असेल तर तो पुरा मिरवावा. कारागिराचे नाव त्याच्या कृतीशेजारी लागले पाहिजे आणि विक्रीच्या किमतीत त्याला न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. बारमाही काम करणाऱ्यांना कायम नोकरी व संघटनेचा हक्क मिळाला पाहिजे. नाव, वाटा आणि हिशेब या तीन गोष्टींवाचून उभा राहिलेला खांब कितीही कोरीव असो, तो परंपरेचा नव्हे, नफ्याचाच खांब होय.