मला दिसतं, पण मी दिसते का?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळचे सव्वासात वाजले असतील. बँकेतून निघायला उशीर झाला होता, म्हणून मी स्कूटी जरा घाईतच चालवत होते. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. हंगाम सुरू, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग. समोरच्या ट्रॅक्टरचा झोत डोळ्यांवर आला आणि क्षणभर काहीच दिसेना. तो सरला तर माझ्या अगदी पुढ्यात एक सायकल! ब्रेक दाबला, हँडल वळवलं, कशीबशी सावरले.

सायकलवर आमच्याच गल्लीतली अकरावीतली मुलगी. क्लासहून येत होती. निळा ड्रेस, वर काळा स्वेटर, पाठीला काळी सॅक. सायकलला दिवा नाही. मागे रिफ्लेक्टर होता, पण कॅरिअरला लावलेल्या पिशवीने तो झाकून टाकलेला.

"अगं, दिसलीच नाहीस मला!" मी जवळजवळ ओरडलेच.

ती गोंधळून म्हणाली, "पण काकू, मी मागे वळून बघितलं होतं. मला तुमची गाडी दिसली होती की!"

त्या रात्री तिचं हे वाक्य डोक्यातून जाईना. आपण सगळ्याच असं धरून चालतो. मला समोरचा दिसतो, म्हणजे त्यालाही मी दिसत असणार. रस्त्यावरचा हा सगळ्यात मोठा गैरसमज.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सेकंदभर जातो, गाडी थांबायला पुढे आणखी अंतर लागतं. आणि काळ्या-निळ्या कपड्यांतलं माणूस अंधारात वीस-तीस मीटरवर येईपर्यंत नजरेत भरत नाही. लाल दिवा मात्र कितीतरी लांबून दिसतो.

२०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा भरदिवसाही चालू राहतो. आठवतं ना, सुरुवातीला लोक हाताने खुणा करून "ताई, लाइट चालू आहे" असं सांगायचे? तो दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नाहीच, आपण इतरांना दिसावं म्हणून आहे. इंजिन असलेल्या गाडीला जे दिवसा लागतं, ते सायकलवरच्या पोरीला रात्रीही नको?

माझे वडील सांगायचे, त्यांच्या काळी बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवायचे, चाकातली हवा सोडायचे. पुढे डायनामो आले. तो टायरला टेकवला की सायकल जड व्हायची, म्हणून आम्ही पोरी तो बंदच ठेवायचो. आता तर नव्या सायकलीला गिअर असतात, बास्केट असते, पण दिवा बहुधा नसतोच. राज्यातल्या कित्येक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, शाळा जवळ आली. फार चांगलं झालं. पण थंडीत सहालाच अंधारतं, त्याचं काय?

त्याचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं असतं, "अंधाराच्या आत घरी ये!" क्लास सातला सुटतो हे आपल्याला माहीत असतं, तरीही. खरं सांगू? मुलीने कुणाच्या नजरेत भरू नये, अशीच आपली शिकवण. साधे रंग घाल, खाली बघून चाल. रस्त्यावर मात्र नेमकं उलटं हवं. तिथे तिने ठळक दिसायलाच हवं.

याचा अर्थ चूक सायकलवालीची, असं मी मुळीच म्हणत नाही. त्या दिवशी वेग माझा जास्त होता. नगरपालिकेने रस्त्यावरचे दिवे लावावेत, ट्रॉलीवाल्यांनी मागे रिफ्लेक्टर लावावेत, हे मागत राहूच. पण तोवर पोरी रोज क्लासला जाणारच आहेत.

म्हणून आज संध्याकाळी एवढं करा. मुलीची सायकल अंधारात उभी करा आणि शंभर पावलं मागे जाऊन बघा. दिसते का? पुढे पांढरा, मागे लाल, असे बॅटरीवरचे दिवे सायकलच्या दुकानात मिळतात. डायनामोसारखे ते सायकल थांबल्यावर विझत नाहीत. पुढचा दिवा थोडा खाली झुकवा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. पॅडलचे रिफ्लेक्टर वरखाली हलतात, म्हणून चटकन लक्ष वेधतात. ते फुटले असतील तर बदला, चिखल बसला असेल तर पुसा. मागचा दिवा ओढणी, सॅक, पिशवी यांच्याआड जात नाही ना, तेही बघा. आणि हे फक्त मुलींसाठी नाही बरं का, पहाटे दूध घालायला जाणाऱ्या मुलासाठीही आहे.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लॅस्टिकचे डबे वाटणार नाही. वाण म्हणून सायकलचा लाल दिवा देणार आहे. पहिला मान अर्थातच गल्लीतल्या त्या अकरावीतल्या मुलीच्या आईचा!