औंधचे संग्रहालय आणि आपली सहल

डिसेंबर जवळ आला की आपल्या महाविद्यालयात सहलीची चर्चा सुरू होते आणि दरवर्षी ती गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन थांबते. समुद्राशी माझे वैर नाही. पण बी. कॉम.च्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. "संग्रहालय? ते आर्ट्‌सवाल्यांचे काम!" असे वर्गातल्या एकाने ऐकवले. त्याच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. जमवलेली चित्रे व शिल्पे त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरउतारावर इमारत बांधून लोकांना खुली केली. आज ते श्री भवानी संग्रहालय महाराष्ट्र शासनाकडे आहे. तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, जुनी लघुचित्रे आहेत. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे आई व मूल हे छोटेसे दगडी शिल्पही आहे. तेही खटाव तालुक्यात! गेल्या दिवाळीत निपाणीहून आम्ही घरचे सगळे गेलो होतो. त्या शिल्पाचे नाकडोळे काही रविवर्म्यांच्या बायकांसारखे रेखीव नाहीत. तरी आजी पाटी न वाचताच म्हणाली, "लेकराला धरलंय बघ."

आता कॉमर्सचे बोलू. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांचे सायकलचे दुकान होते, पुढे नांगराचा कारखाना निघाला. तिथली जागा सोडायची पाळी आली, तेव्हा याच बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात माळरान दिले, पैशाचीही मदत केली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती तिथे. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. राजाने चित्रांवर पैसा उधळला असे म्हणणाऱ्यांनी खातेवहीतली ही दुसरी नोंदही वाचावी. शिवाय १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून त्यांनी आपली सत्ताच प्रजेच्या हाती दिली. हे कुठल्या रकान्यात धरायचे, ते आमच्या अकौंटन्सीच्या सरांना विचारणार आहे.

कन्नड विभागातल्या मित्रांनी मात्र हे मराठी राजाचे कौतुक म्हणून सोडून देऊ नये. औंध संस्थानाचा गुणदाळ हा भाग विजापूरकडचा, कानडी मुलुख. म्हणजे या ठेव्यावर त्यांचाही तेवढाच हक्क आहे. आपल्याकडे सहलीच्या दोन बसही, कुणी न सांगता, एक मराठी नि एक कानडी होऊन बसतात. मला दोन्ही भाषा येतात. दोन्ही बसमध्ये मी बसलो आहे, आणि दुसऱ्या बसविषयीचे विनोद दोन्हीकडे सारखेच असतात!

तेव्हा यंदा औंध, आणि परतताना किर्लोस्करवाडी. चित्रांखालच्या पाट्या कानडीत सांगायचे काम माझ्याकडे लागले. बसमधल्या जागा तेवढ्या सहल चिटणीसांनी हजेरीच्या क्रमांकाने भराव्यात.