गुडघेदुखी : आधी चर, मग फवारणी



लागणीचे प्लॉट पाहायला गेलो, की उसाइतकीच गुडघ्यांची तक्रार कानी येते. ‘शस्त्रक्रिया आणि स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटचं, म्हणजे पीआरपीचं, इंजेक्शन असा जोड-उपचार करावा का?’ असे बरेच जण विचारतात. मी काही डॉक्टर नव्हे. पण उसाचं बिल मोडण्याआधी चौकशी करावी, या मताचा मी आहे.

पाय बाकदार झाला, की भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडून तिथली कूर्चा झिजते. झीज एकाच बाजूला असेल तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करतात. भार दुसऱ्या बाजूकडे सरकतो. पाणथळ रानात चर काढावा तसे हे काम. इंजेक्शन ही वरची फवारणी. चर नसेल तर नुसती फवारणी काय करणार?

ऑस्ट्रेलियात सौम्य ते मध्यम झीज असलेल्या 288 जणांवर नुसत्या इंजेक्शनची चाचणी झाली. निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला : पीआरपी आणि साधे सलाईन, वर्षाअखेर गुण जवळपास सारखाच! शस्त्रक्रियेसोबत मूलपेशी टोचल्यास कूर्चा बरी दिसते, असे काही लहान अभ्यास सांगतात. पण त्यामुळे पुढे सांधा बदलणे टळते, हे सिद्ध झालेले नाही.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा : गुण कशाने येणार, शस्त्रक्रियेने की इंजेक्शनने? दोन्हींचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. वजन घटवणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र आजपासूनच धरा. त्याला सोसायटीचं कर्ज काढावं लागत नाही.

— ऊस विकास अधिकारी